रायफलीतला दिवा आणि नळीतली दोरी

आमच्या शाळेच्या नेमबाजीच्या गटाला एका हितचिंतकांनी इलेक्ट्रॉनिक ट्रिगरची रायफल देऊ केली आहे. माणूस दिलदार आहे, हेतूबद्दल शंका नाही. पण देताना ते जे बोलले त्यावर हा लेख लिहिते आहे. ते म्हणाले, "मॅडम, हिच्यात सेफ्टी सगळी इलेक्ट्रॉनिक आहे. मुलांवर सारखं लक्ष ठेवायची गरजच नाही."

मी उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड.ला शैक्षणिक साहित्यावर भरपूर लिहून घेतलं होतं, त्यात एअर रायफल नव्हती. शाळेतल्या मुली नेमबाजीला जाऊ लागल्या, सोबत जायला बाईमाणूस हवं म्हणून माझं नाव पुढे आलं, आणि गेली काही वर्षं मी रेंजवर मागच्या खुर्चीत बसून हा खेळ बघते आहे. या खेळात आमच्या आयांचा एक प्रश्न आपोआप मिटतो: जाड जॅकेट, जाड पँट, सगळं अंगभर. दुसरा प्रश्न मात्र मिटत नाही. "टीचर, पण बंदूक ना ती?" हो, बंदूकच. म्हणूनच सुरक्षेच्या बाबतीत कुणी "गरजच नाही" म्हटलं की माझे कान टवकारतात.

आधी या खेळातल्या बंदुकीचा स्वभाव सांगते. 10 मीटरवरून 4.5 मिलिमीटरचा छर्रा मारायचा. लक्ष्याच्या मधला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा, म्हणजे नुक्त्याएवढा. त्यातही नेमका मध्य साधला तर 10.9. साठ नेमांचे जास्तीत जास्त 654 गुण, आणि मोठ्या स्पर्धांत पदकाचा निकाल दशांशावर लागतो. अशा खेळात ट्रिगर ओढताना बोटाने रायफल केसभर जरी हलवली तरी गेलं. म्हणून ट्रिगर अतिशय हलका ठेवतात. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान 500 ग्रॅमची अट आहे. 10 मीटर एअर रायफलीला अशी किमान अटच नाही. मुरलेले नेमबाज तो इतका हलका करून घेतात की नवख्याने नुसतं बोट टेकवलं तरी छर्रा सुटावा. शिवाय या रायफलींना शिकारी बंदुकीसारखा सेफ्टीचा वेगळा खटका बहुधा नसतो. छर्रा भरायची लिव्हर उघडी असेपर्यंत नेम सुटू नये अशी रचना असते, आणि बाकीची शिस्त माणसांवर सोपवलेली असते.

आता इलेक्ट्रॉनिक ट्रिगर. साध्या ट्रिगरमध्ये पोलादाचे दोन तुकडे एकमेकांत अडकलेले असतात, बोटाने ते सुटतात. ते झिजतात, तेलकट होतात, त्यांचे स्क्रू सैल होतात. इलेक्ट्रॉनिकमध्ये बोट फक्त एका स्विचला इशारा देतं, आणि पुढचं काम बॅटरीवर चालणारं विद्युतचुंबक करतं. फायदा खरा आहे. शंभराव्या नेमाला ट्रिगर पहिल्या नेमासारखाच लागतो. हवा न सोडता नुसता ट्रिगर दाबण्याचा सराव, ज्याला ड्राय फायरिंग म्हणतात, तोही सोपा होतो. स्विच बंद केला की ट्रिगर मुका. बारीकसा दिवा सांगतो की चालू आहे की बंद. स्वित्झर्लंडच्या मोरिनी कंपनीचं असं एअर पिस्तूल जगभरचे नेमबाज कित्येक वर्षं वापरत आहेत. आंतरराष्ट्रीय नियमांनाही ते चालतं. अट एवढीच की सगळे भाग शस्त्राच्या आतच हवेत आणि ट्रिगर नेमबाजाच्या हातानेच दाबला जायला हवा. मात्र रायफलीचं हलणं स्वतःहून कमी करणारं कुठलंही यंत्र चालत नाही. हात नेमबाजाचाच थरथरणार आणि त्यानेच तो आवरायचा. हा नियम मला फार आवडतो.

तेव्हा मी इलेक्ट्रॉनिकच्या विरोधात नाही. माझा वाद "सेफ्टी" या शब्दाशी आहे.

तो दिवा कुणाला दिसतो? रायफल धरलेल्या मुलीला. तिच्या शेजारच्या लेनमधल्या मुलाला दिसत नाही, मागे उभ्या कोचना दिसत नाही, मला तर नाहीच. म्हणजे ती सुरक्षित आहे हे तिलाच ठाऊक, आणि आम्ही तिच्या शब्दावर विसंबायचं. आता नळीतली केशरी दोरी बघा. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे नेम नसताना प्रत्येक शस्त्रात भडक रंगाची सेफ्टी फ्लॅग हवी, आणि एअर गनमध्ये ती नळीच्या पूर्ण लांबीची हवी. दोरीचं एक टोक मागून बाहेर, दुसरं पुढून बाहेर. नळीत छर्रा असेल तर ती आरपार जाणारच नाही. हॉलच्या दुसऱ्या टोकावरून चष्मा न लावताही मला कळतं की कुठली रायफल रिकामी आहे. या दोरीला बॅटरी लागत नाही. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची जाड दोरी असते ना, तीच कापून अनेक जण वापरतात. मीटरवर मिळते.

ही कल्पना आपल्याला नवी वाटायला नको. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत एक प्रसंग येतो. एक जण मशिदीतून बाण घेऊन चालला होता, तर प्रेषितांनी (स.) त्याला बाणांची टोकं हातात धरायला सांगितली, कुणाला लागू नये म्हणून. भावाकडे शस्त्र रोखू नये, गंमतीतही नाही, अशीही ताकीद आहे. मी मुलींना हा प्रसंग सांगते तेव्हा एका गोष्टीकडे लक्ष वेधते. त्या माणसाला "जपून जा" एवढंच सांगितलं नाही. टोकं हातात धरायला लावली, म्हणजे समोरून येणाऱ्यालाही दिसावं की ती झाकलेली आहेत. एहतियात नुसती मनात असून भागत नाही.

इलेक्ट्रॉनिक वस्तू बिघडते तेव्हा काय होतं, याचं उदाहरण साऱ्या देशाने पाहिलं आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये, 25 जुलै 2021 ला, मनू भाकरचं एअर पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडलं. आधी लिव्हरचा प्रश्न, मग इलेक्ट्रॉनिक ट्रिगरच्या सर्किटचा. दुरुस्तीत बराच वेळ गेला, वेळ वाढवून मिळाला नाही, आणि चाळीसहून जास्त नेम तिला उरलेल्या वेळात घाईने मारावे लागले. 575 गुण, बारावं स्थान, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. पुढे तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदकं घेतली, ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण टोकियोतला तो वेळ मला पॅरिसपेक्षा जास्त आठवतो, आणि त्याचं कारण पदक नाही.

ऑलिंपिकच्या रेंजवर बिघाड झाला तेव्हा तिथे अधिकारी होते, दुरुस्तीची जागा होती, शस्त्र कसं उचलायचं आणि कुठल्या दिशेने धरायचं हे रक्तात भिनलेली खेळाडू होती. आमच्या रेंजवर तेरा वर्षांची मुलगी ट्रिगर दाबते आणि काहीच होत नाही, तेव्हा ती काय करते? ती वळते. "सर, बघा ना, चालत नाही." आणि तिच्याबरोबर नळीही वळते, आत छर्रा असलेली. बॅटरी संपली म्हणून बंदूक आपोआप सुटत नाही, हे मान्य. धोका बंदुकीत नसतोच त्या क्षणी, तो त्या वळण्यात असतो. आणि न चालण्याची जितकी कारणं रायफलीत वाढतील, तितके असे क्षण वाढतील. आमचे कोच पहिले काही दिवस मुलांना फक्त एवढंच शिकवतात: रायफल अडली तर नळी लक्ष्याकडेच ठेवायची, बोट ट्रिगरवरून काढायचं, दुसरा हात वर करायचा आणि गप्प उभं राहायचं. मुलं कंटाळतात. कंटाळू देत.

दिव्याच्या कौतुकात आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष होतं. या रायफलीच्या नळीखालचं सिलिंडर 200 बार दाबाच्या हवेने भरलेलं असतं. तुमच्या गाडीच्या चाकात साधारण सव्वादोन बार असते, यावरून अंदाज करा. त्या सिलिंडरवर तारीख असते, त्याचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं धरतात, आणि मुदत संपलेलं सिलिंडर वापरू नये असं बनवणारेच सांगतात. आपल्याकडे जुन्या रायफली हातोहात विकल्या जातात. मी शाळेसाठी आलेल्या दोन रायफली पाहिल्या. विकणाऱ्याने ट्रिगरचं अर्धा तास वर्णन केलं, तारखेचं मात्र मलाच विचारावं लागलं.

काही पालक म्हणतात, एवढं काय, छर्ऱ्याचीच तर बंदूक. कायदाही असंच काहीसं सुचवतो. 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 जूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर गनला परवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल तर बरीच कमी ताकदीची, जर्मनीत 7.5 जूलपर्यंतच्या एअर गनवर पंचकोनात एफ अक्षराचा शिक्का असतो आणि तिथे ती प्रौढांना परवान्याशिवाय मिळते. पण 7.5 जूल डोळ्याला पुरेशी होते.

आणि एक गोष्ट फक्त आपल्या घरांपुरती. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी स्पर्धेला निघताना शाळेचं पत्र तीन प्रतींत मागितलं. एक मुलाच्या खिशात, एक रायफलीच्या बॅगेत, एक स्वतःजवळ. लांब काळी बॅग, मुलाचं नाव आणि रेल्वे स्टेशन, हे तिन्ही एकत्र आल्यावर काय होऊ शकतं याचा विचार त्यांनी केला होता. मी काही बोलले नाही, तिन्ही प्रतींवर शिक्का मारला. इतरांच्या रेंजवर काही झालं तर तो अपघात असतो. आमच्या रेंजवर झालं तर त्याची बातमी कशी होईल हे त्या वडिलांना माहीत होतं, मलाही आहे. त्यानंतर कुणीही आई आपल्या मुलीला पाठवणार नाही, आणि मी तिला पाठवा म्हणू शकणार नाही. म्हणून सुरक्षेच्या बाबतीत मी जरा जास्तच कटकटी आहे असं कोच म्हणतात ते खरं आहे.

मग शाळेने काय करावं? रायफल घ्यावी, आभार मानावेत, आणि ती मोठ्या, दोन-तीन वर्षं खेळलेल्या मुलींना द्यावी. नवख्या मुलांच्या हातात साधा, थोडा जड ट्रिगर असू द्यावा, ज्याला बोटाने जाणूनबुजून दाबावं लागतं. एका वेळी जितक्या मुलांवर एका माणसाची नजर राहते तितक्याच लेन चालू ठेवाव्यात, रायफल कितीही हुशार असली तरी. लोड आणि स्टॉपचा हुकूम एकाच आवाजात यावा. हे सगळं फुकटात होतं, त्यामुळे त्याला देणगीदार मिळत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सवर खर्च करायचाच असेल तर तो लक्ष्यावर करा, अशी माझी सूचना आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे आपल्या भागात नेमबाजीची हवा आहे, पण गावोगावच्या छोट्या रेंजवर अजून कागदाचीच लक्ष्यं आहेत. काही ठिकाणी ती दोरी ओढून जवळ आणता येतात; काही ठिकाणी तीही सोय नाही, मुलं फळीपर्यंत चालत जाऊन कागद बदलतात. म्हणजे दर थोड्या वेळाने कुणीतरी नळ्यांच्या समोर उभं असतं, आणि मागे दहा रायफली टेबलावर असतात. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य लावलं की छर्रा कुठे लागला हे पडद्यावर दिसतं, दशांशासकट, आणि सराव चालू असताना कुणालाही पुढे जावं लागत नाही. बंदुकीतल्या कुठल्याही दिव्यापेक्षा ही सोय मला मोठी वाटते. ती महाग आहे, एका रायफलीच्या देणगीत भागणारी नाही. पण चार शाळांनी मिळून एका रेंजवर चार लेनपुरती सुरुवात करता येईल. शेजारच्या मराठी माध्यमाच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांशी मी बोलले आहे, ते तयार आहेत. देणगीदारांशी या आठवड्यात बोलणार आहे. तोपर्यंत पुढे जाऊन कागद बदलण्याआधी प्रत्येक नळीत दोरी दिसते का हे मी मोजते, मोठ्याने, एक ते दहा. उर्दूत मोजते, मराठी मुलांनाही आता ते आकडे पाठ झाले आहेत.