धाडसाचं राहू द्या, आजारपणाचं बोला

‘बायांमध्ये धाडसच नाही. आम्ही कर्ज द्यायला तयार आहोत, ह्याच पुढे येत नाहीत.’ उद्योजकता प्रशिक्षणाच्या शिबिरात कोणी ना कोणी साहेब हे बोलतातच. भिवापुरात बचत गटांबरोबर काम करताना मी हे इतक्यांदा ऐकलं आहे की आता उत्तर देणं भाग आहे.

भिवापूरची मिरची नामांकित, तिला भौगोलिक मानांकनही आहे. बाईच्या हातात ती येते सातऱ्यावर, देठ खुडायला. दिवसभर ठसका, हातांची आग, आणि तुटपुंजी मजुरी. हीच मिरची कांडून तिखट विकलं तर पैसा जास्त, हे तिला कोणी शिकवायला नको. हिशेब तिला येतो, आणि म्हणूनच ती थांबते. मजुरीत आजारी पडलं तर चार दिवसांची रोजी बुडते. धंद्यात रोजी बुडते, माल पडून राहतो, भांडवल औषधाला जातं आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतो. बरं, तीच आजारी पडायला हवी असंही नाही. सासू पडली, पोर पडलं, तरी नागपूरच्या मेडिकलला सोबत बसतं कोण?

‘विमा आहे ना!’ असं यावर म्हटलं जातं. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली, 2017 पासून महात्मा फुल्यांच्या नावाने चालणारी योजना आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार देते. ऑपरेशनसाठी शेत विकायची पाळी तिने टाळली, हे मी नाकारत नाही. पण ती धावून येते दवाखान्यात भरती झाल्यावर, तेही यादीतल्या उपचारांपुरती. बीपीच्या रोजच्या गोळ्या आणि बुडालेले दिवस बाईच्याच पदरात.

जीवन ज्योती विम्याचं तर विचारूच नका. वर्षाला 436 रुपये भरा, मेल्यावर घरच्यांना 2 लाख. महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या बाईला त्यातून एक पैसा नाही. (तिने मरावं, म्हणजे तिची किंमत कळेल!)

बुडालेल्या मजुरीची भरपाई अशक्य आहे का? 1948 च्या कायद्याने आलेल्या राज्य विम्यात कारखान्यातल्या कामगाराला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के मजुरी मिळते, बाळंतपणात 26 आठवडे. घरी तिखट कांडणारी बाई त्यात बसत नाही, कारण तिला मालक नाही. आणि ‘मालकीण व्हा’ असं तिला आपणच सांगतो! 2024 च्या अर्थसंकल्पात ‘लखपती दीदीं’चं उद्दिष्ट 3 कोटींवर नेलं. त्या दीदी आजारी पडल्यावर काय, हे कोणी विचारलं?

‘सेवा’ संघटनेने 1992 पासून असंघटित बायांसाठी विमा चालवून दाखवला आहे. शासनाला हे जमणार नाही असं कोणी सांगू नये. गटाच्या कर्जाच्या कागदावरच लिहा: आजारपणात हप्ता थांबेल, व्याज चढणार नाही, आणि बुडालेल्या दिवसांची रोजी किमान वेतनाच्या दराने शासन देईल. पुढच्या शिबिरात साहेबांनी तो कागद घेऊन यावं.