पितळेची चरवी, कल्हई आणि देशाच्या नावाचा एक रोग

प्रतापगडाकडे वा चंद्रगडाकडे निघालेली तरुण मंडळी पोलादपूर तालुक्यातून जातात. कापडे असो की भोवतालची एखादी वाडी, जुन्या घरात देव्हाऱ्याशेजारी पितळेची चरवी किंवा तांब्याचा हंडा दिसला की त्याचे छायाचित्र निघते आणि खाली ओळ उमटते : ‘आपले पूर्वज किती शहाणे होते!’ पूर्वज शहाणे होते, यात शंका नाही. परंतु त्या शहाणपणाचा अर्धा भाग छायाचित्रात येत नाही. तो भांड्याच्या आतल्या अंगाला असे. त्याचे नाव कल्हई.

कल्हईविना पितळेचे गुणगान म्हणजे म्यानाचे चित्र काढून त्यालाच तलवार म्हणणे होय. आणि ही केवळ शब्दांची चूक नाही. या विस्मरणाशी बालकांच्या यकृताच्या एका भीषण रोगाचा इतिहास जोडलेला आहे. त्या रोगाच्या नावातच ‘भारतीय’ हा शब्द होता. आणि त्याचे कोडे उलगडण्यात पुण्यातील डॉक्टरांचा वाटा फार मोठा आहे. गडकिल्ल्यांच्या इतिहासावर तासन्‌तास बोलणाऱ्यांना हा इतिहास बहुधा ठाऊक नसतो.

१८८७ मध्ये कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी लहान मुलांमधील यकृताच्या एका विशिष्ट विकाराचे वर्णन केले. पुढे तो ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ म्हणून ओळखला गेला. बहुतेक वेळा एक ते तीन वर्षांचे मूल किरकिरे होई, बारीक ताप येई, पोट फुगू लागे. तपासणाऱ्या बोटांना यकृत दगडासारखे घट्ट आणि त्याची कडा धारदार लागे. मग कावीळ, पोटात पाणी आणि बहुधा काही महिन्यांत मृत्यू. एकाच घरात एकामागून एक दोन-तीन भावंडे जात, हे त्यातले सर्वांत क्रूर.

कुलाबा जिल्ह्याचे जुने गॅझेटियर १८८३ चे आहे. म्हणजे या रोगाला नाव मिळण्यापूर्वीचे. नंतरच्या काळातही गावचे मृत्यू पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार अशा चार-सहा ठोकळ सदरांत नोंदले जात. यकृत घट्ट होऊन गेलेले मूल ‘ताप’ या सदरात जाई किंवा ‘इतर’ या सदरात. महाड-पोलादपूरच्या डोंगरात कोणत्या वर्षी कोणता किल्लेदार होता हे कागदपत्रांतून काढता येते. त्याच डोंगरातील तान्ही मुले कशाने गेली हे त्या सदरांतून काढता येत नाही. इतिहासाच्या साधनांचा हा पक्षपात अभ्यासकाने ओळखून असला पाहिजे.

कारणाचा शोध दीर्घकाळ भलत्याच वाटांनी गेला. रोग हिंदू मध्यमवर्गीय घरांत, विशेषतः ग्रामीण भागात अधिक दिसे. भावंडांना होई, म्हणून आनुवंशिक म्हणावे, तर त्याचे गणित नीट जुळत नसे. देशाचे नाव रोगाला लागल्यामुळे दोष जणू येथल्या रक्तातच आहे, असा ग्रह होणे सोपे झाले. वस्तुतः एका घरातील भावंडे केवळ रक्त वाटून घेत नाहीत. ती चूल वाटून घेतात, आणि चुलीवरचे भांडेही.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये या मुलांच्या यकृताच्या तुकड्यांवर ओर्सीन नावाच्या रंगद्रव्याची प्रक्रिया झाली, तेव्हा पेशींत गडद तपकिरी कण उमटले. ते तांब्याशी बांधलेल्या प्रथिनाचे होते. १९७९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्टुअर्ट टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगात यकृतातील तांबे प्रचंड वाढलेले असते, असे दाखवून दिले. त्या लेखकांत पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. आनंद पंडित होते. निरोगी यकृताच्या शुष्क वजनात दर ग्रॅममागे साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे असते. या मुलांत ते हजाराच्या घरात आणि त्याच्याही पलीकडे जाई.

तांबे आले कोठून? या प्रश्नाचे उत्तर सूक्ष्मदर्शकात नव्हते, स्वयंपाकघरात होते. डॉ. शीला भावे, डॉ. पंडित आणि टॅनर यांच्या अभ्यासात आजारी मुलांच्या आहाराचा इतिहास निरोगी मुलांशी ताडून पाहिला गेला. वरचे दूध कधी सुरू केले? गाईचे की म्हशीचे? कोणत्या भांड्यात तापवले, कोणत्या भांड्यात ठेवले? प्रश्न साधे होते, इतके साधे की जवळपास शतकभर त्यांना कोणी पुरेसे महत्त्व दिले नव्हते. आजारी मुलांच्या घरी वरचे दूध लवकर सुरू झालेले आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेले वा साठवलेले, हा धागा पुन्हा पुन्हा हाती आला. १९८३ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये गृहीतक म्हणून मांडला गेला आणि १९८७ मध्ये आहाराच्या तौलनिक अभ्यासाने त्याला बळ मिळाले.

यामागचे शास्त्र समजून घेण्याजोगे आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. उघड्या पितळेत दूध तापत वा साठून राहिले की त्यात तांबे उतरते आणि दुधातील केसीन या प्रथिनाला चिकटून बसते. आईच्या दुधात तांबे अत्यल्प असते. नवजात बालकाच्या यकृतात मात्र जन्मतःच तांब्याचा मोठा साठा असतो. तो पुढील काही महिन्यांत कमी व्हायचा असतो, आणि जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्याची शक्ती मात्र त्या वयात अजून अपुरी असते. नेमक्या त्याच महिन्यांत दिवसातून अनेकदा तांबेमिश्रित दूध पोटात गेले, तर यकृताने ते ठेवायचे कोठे? मोठ्या माणसाने तांब्याच्या भांड्यातले पाणी पिणे आणि चार महिन्यांच्या बाळाने पितळेतले दूध पिणे, या दोन गोष्टी एकाच तराजूत तोलता येत नाहीत.

आणि येथेच कल्हईवाला येतो. भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचे आणि कापसाच्या बोळ्याने ते आतून एकसारखे पसरवायचे. काळवंडलेले पितळ पाहता पाहता चांदीसारखे होई. दारोदार भाता घेऊन फिरणाऱ्या या कारागिराचे काम शोभेचे नव्हते. अन्न आणि तांबे यांच्यामध्ये तो कथलाची भिंत बांधत होता. पितळेत आंबट कळकते हे प्रत्येक आजीला ठाऊक होते. दूध मात्र कळकल्यासारखे दिसत नाही, चवीतही फारसे कळत नाही. कल्हई झिजली, कल्हईवाला वेळेवर आला नाही किंवा दुधाच्या भांड्याला ती लागतच नाही असा समज झाला, की भिंत नाहीशी होई. याचा दोष त्या मातांवर ठेवणे हा अन्याय ठरेल. दूध तापवून द्यावे हा सल्ला योग्यच होता, आणि रुखवतात मांडलेले पितळ ही घराची प्रतिष्ठा होती.

‘भारतीय’ या विशेषणाचा फोलपणा युरोपातच सिद्ध झाला. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रदेशात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच यकृतविकाराने दगावल्याची नोंद १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. तेथेही गाईचे दूध, तेथेही तांब्याची बिनकल्हईची भांडी. आणि आधुनिक भांडी आल्यावर तेथेही रोग संपला. संशोधकांना तेथे आनुवंशिक दुबळेपणाही दिसला. म्हणजे काही मुलांचे यकृत मुळात अधिक हळवे आणि त्यावर भांड्याचा आघात, असे दुहेरी कारण.

पुण्याच्या डॉक्टरांनी निदानावर काम थांबवले नाही. शरीरातील तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषध जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये विल्सनच्या रोगासाठी पुढे आणले होते. तेच या मुलांना देऊन पाहिले गेले. रोग लवकर ओळखला तर मूल वाचते, हे दिसू लागले. डॉ. आशिष बावडेकर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उपचारानंतर पाच वर्षांहून अधिक जगलेल्या २९ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. ज्या रोगात महिने मोजले जात, त्यात वर्षे मोजली जाऊ लागली.

त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता, हेही ध्यानात घ्यावे. यकृत प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये डेन्व्हर येथे केला, तोही तीन वर्षांच्या बालकावर. ते वाचले नाही. १९६७ मध्ये त्यांनीच प्रत्यारोपण केलेली एक चिमुकली वर्षाहून अधिक जगली. भारतात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. बालकावरील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झाले, वडिलांच्या यकृताचा तुकडा घेऊन. तोवर पुण्यातल्या रुग्णशय्या या रोगापासून बहुतांशी मोकळ्या होऊ लागल्या होत्या. स्टीलची भांडी घरोघर पोहोचली, वरच्या दुधाविषयी जागृती झाली आणि शस्त्रक्रियेची वेळ येण्याआधीच रोग ओसरला.

तांब्याचे हे स्पष्टीकरण सर्वांना मान्य नाही. एन. सी. नायक आणि ए. आर. चितळे या विकृतिशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये त्यावर गंभीर आक्षेप घेतले. आक्षेपांना उत्तर देणे अवघड आहे, कारण रोगच जवळजवळ नाहीसा झाला. नव्याने तपासायला रुग्ण नाहीत. तरीही भांडी बदलली आणि रोग गेला, हे पुणे आणि टिरोल या दोन दूरच्या ठिकाणी घडावे, याला निव्वळ योगायोग म्हणणे कठीण आहे. पुराव्याचा कल तांब्याकडेच झुकतो. निदान तान्ह्या बाळाच्या दुधाला बिनकल्हईचे पितळ लावू नये, एवढा निष्कर्ष काढायला तो पुरेसा आहे. ‘पारंपरिक’ म्हणून पितळेची भांडी विकणाऱ्या जाहिरातींत ही ओळ असावयास हवी.

आज बालकांच्या यकृत प्रत्यारोपणाचे प्रमुख कारण निराळे आहे : पित्तनलिका जन्मतः बंद असणे किंवा जन्मानंतर लवकरच बंद होत जाणे. जपानच्या मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधली. ती बाळ साठ दिवसांचे होण्यापूर्वी झाली तर यशाची शक्यता अधिक. उशीर झाला की यकृत घट्ट होते आणि प्रत्यारोपणावाचून गत्यंतर उरत नाही. खूण पुन्हा घरातलीच आहे : दोन आठवड्यांनंतरही न जाणारी कावीळ, गडद लघवी आणि पांढुरकी, मातकट शी. तैवानने २००४ पासून देशभर मातांच्या हाती शीच्या रंगांचे चित्रपत्रक दिले. जपानने २०१२ पासून ते माता-बाल पुस्तिकेतच घातले.

कापड्याच्या बाळाला मोठ्या रुग्णालयात न्यायचे तर महाडवरून महामार्गाने मुंबई गाठायची किंवा वरंधा घाट चढून पुणे. पावसाळ्यात, दरडी कोसळत असताना, साठातले किती दिवस केवळ ‘बघू या, उतरेल कावीळ’ म्हणण्यात जातात! परंतु आशा कार्यकर्ती नवजात बाळाच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या भेटी देते. बेचाळीस हा आकडा साठाच्या आत आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी भांड्याविषयी विचारले, तसाच एक प्रश्न त्या प्रत्येक भेटीत रंगांचे पत्रक समोर धरून विचारला गेला पाहिजे : बाळाची शी यांतल्या कोणत्या रंगाची होते?