तिवराची बदली होत नाही

खाडीकाठचा हिरवा पट्टा दिसला, की आपण सरसकट ‘खारफुटी’ म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात ती एक वस्ती असते आणि चाळीतल्या बिऱ्हाडांप्रमाणे कोणी कुठे राहायचे हे तिथे ठरलेले असते. ठरवते ते पाणी. ते किती खारट, किती वेळ उभे राहणार आणि खाली चिखल आहे की वाळू.

बँकेच्या नोकरीत कोकणातल्या खाड्या मी पुष्कळ पाहिल्या. मुखाशी, भरतीच्या थेट माऱ्यात, पांढरी चिपी उभी असते. (२०२० साली महाराष्ट्राने तिला राज्यवृक्षासारखाच मान दिला.) आत मऊ चिखलात कमानीसारखी मुळे रोवून कांदळ, त्याचे बी झाडावरच रुजते आणि हातभर कोंब खाली चिखलात पडतो. आणखी वर, नदीच्या पाण्याने खाडी मचूळ झाली, की काटेरी मारांडी. खरी गंमत काठाच्या उंच भागात. तिथे समुद्र फक्त उधाणाला पोचतो. मग पाणी उन्हाने आटते, मीठ मागे राहते आणि जमीन समुद्राहून खारट होते. तिथे टिकते ते तिवर. कांदळ मीठ बऱ्याच अंशी मुळांपाशीच अडवते. तिवर ते आत घेऊन पानांवाटे बाहेर टाकते. दुपारी एखादे पान जिभेला लावून पाहा!

ठाण्याच्या खाडीत तिवरच तिवर दिसते, ते उगाच नव्हे. ते सांडपाणी सोसते, तोडले तर बुंध्यातून पुन्हा फुटते. कांदळाला ते साधत नाही. जिथे वर्षानुवर्षे सरपणासाठी कोयता चालला, तिथे कोण उरणार हे सांगायला नको.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली खारफुटीची नासधूस हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरवला. तरी प्रकल्प आला, की ‘भरपाई’ हा शब्द येतोच : इथली तोडू, तिथे लावू. जन्मभर जमाखर्च सांभाळलेल्या मला हा व्यवहार पटत नाही. एका खात्यातून दुसऱ्यात टाकलेली रक्कम तीच राहते, झाड राहत नाही. ज्या उघड्या चिखलावर खारफुटी कधीच नव्हती, तिथे ती का नव्हती, हे आधी विचारायला नको का? बहुधा पाणी फार वेळ उभे राहते. शिवाय त्या चिखलावर पक्षी पोट भरतात.

याहून वाईट प्रकार भरावाचा. रस्त्यासाठी भरती अडवली, की एकाही झाडाला कोयता न लावता मागचे सगळे रान वाळते आणि तोडलेल्या झाडांच्या यादीत त्याची नोंदही होत नाही. अशा ठिकाणी रोपे आणण्याआधी भरावाखालची मोरी मोकळी करावी. पाणी परतले आणि आसपास झाडे उरली असली, तर बी भरतीबरोबर आपणहून येते.