नहर बंद झाल्यावरचा आठवडा

नहराला पाणी आले की धानपट्ट्यातील गाव सुखावते. अर्जुनी मोरगाव भागात इटियाडोहचे, तर सालेकसा-आमगावकडे बाघ प्रकल्पाचे पाणी धानाला जीव देते. पण पाणी कधी सोडायचे आणि कधी बंद करायचे, याचा विचार फक्त पिकापुरता होतो. जंगलालगतच्या गावांत हिवताप जुनाच पाहुणा असताना एवढा विचार पुरेसा नाही.

वेगाने वाहणाऱ्या पाण्यात डासांच्या अळ्या टिकत नाहीत. धोका सुरू होतो तो गेट पडल्यावर. मायनरच्या तळाशी, फुटलेल्या अस्तरापाशी, मोरीच्या तोंडाशी डबकी उरतात. ग्रामीण भागात हिवताप पसरवणाऱ्या ॲनॉफिलिस डासाला असे स्वच्छ, संथ पाणी मानवते. उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. डबके त्याआधी सुकले तर अळ्या मरतात. पाझर चालू राहिला तर प्रत्येक पाळीमागे डासांची नवी पिढी उठते.

पनामाने हा धडा जबर किंमत देऊन घेतला. १८८० च्या दशकात तिथे कालवा खोदणाऱ्या फ्रेंच कंपनीचे हजारो मजूर पीतज्वर आणि हिवतापाने गेले. १९०४ पासून डॉ. विल्यम गॉर्गस यांनी पाणी निचरून टाकणे, तेल टाकणे, जाळ्या बसवणे ही कामे नेटाने केली. १९१४ मध्ये कालवा खुला झाला. जहाजे उचलणाऱ्या दरवाजांइतकेच श्रेय त्या साध्या नाल्यांचे आहे.

‘डास हे आरोग्य खात्याचे काम’ असे म्हणून सिंचन विभागाला मोकळे होता येणार नाही. फवारणी घराच्या भिंतीवर होते, नहराच्या तळाशी नाही. म्हणून कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांना बसवावे. पाळी संपल्यापासून आठवड्याच्या आत पाणीवापर संस्था आणि आरोग्य सेवकांनी मिळून मायनर पाहावी. डबकी बुजवावीत किंवा वाट करून द्यावी, न आटणाऱ्या खड्ड्यांत गप्पी मासे सोडावेत. याला मोठा निधी नको. फावडे आणि ठरलेली तारीख पुरे.

लोकांनीही थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासावे आणि औषध पूर्ण घ्यावे. फॅल्सिपेरम हिवताप मेंदूपर्यंत पोहोचायला फार वेळ घेत नाही.