कारखाना दारात, पोरं गेटबाहेर



चाकणच्या कोणत्याही चौकात विजेच्या खांबाकडे नजर टाका. 'हेल्पर पाहिजेत. दहावी, बारावी, आयटीआय. बस-कॅन्टीन फ्री.' खाली मोबाईल नंबर. तो कंपनीचा नसतो, ठेकेदाराचा असतो. ज्या खेड तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी एमआयडीसीत गेल्या, त्यांची नातवंडं आज त्या नंबरवर फोन लावतात. काही महिन्यांनी ब्रेक, मग नवा ठेकेदार, नवा गेटपास आणि पगार पुन्हा पहिल्या पायरीवर. याचं निम्मं कारण कारखान्यात आहे, निम्मं शाळेत. येत्या निवडणुकीत शिक्षण हा मुद्दा पुढे ठेवूनच बटण दाबा, असा आमचा आग्रह आहे.

1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, त्याच दशकात टेल्को आणि बजाज आले. त्या काळचा आयटीआय झालेला फिटर कंपनीत कायम व्हायचा. त्याच्या पगारावर निगडी-आकुर्डीत घरं झाली, मुलं इंजिनीअर झाली. हे शहर त्याच्या हातातल्या कसबावर श्रीमंत झालं. 2009 मध्ये चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने सुरू झाले, तोवर काम पार बदललं होतं. आज वेल्डिंग रोबो करतो, जॉब व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर निघतो, लाइन पीएलसी या कंट्रोलरवर चालते. आणि आपला पोरगा अनेक आयटीआयमध्ये अजून व्हाइसला पट्टी बांधून कानस घासतोय. कानस घासू नये असं आम्ही म्हणत नाही, हात तिथंच बसतो. पण दोन वर्षांत त्याचं बोट कंट्रोल पॅनेलला लागलंच नाही, तर गेटवर तो हेल्परच ठरणार.

त्यात इलेक्ट्रिक गाड्या आल्या. त्यांना पिस्टन लागत नाही, क्लच प्लेट लागत नाही. भोसरीतली कितीतरी छोटी वर्कशॉप असल्याच सुट्या भागांवर जगतात. नवं काम घ्यायला शिकलेली माणसं मिळाली नाहीत तर त्यांची शटर खाली येतील, आणि मालकाबरोबर कामगारही घरी बसेल.

'शिकाऊ' या नावाखाली काय चाललं तेही आठवा. 2013 मध्ये कंपनीत काम करत शिकण्याची 'नीम' योजना आली. प्रशिक्षणार्थी कामगार नाही, म्हणून त्याला पीएफ नाही, ईएसआय नाही. लाइनवर मात्र तो कायम कामगाराइतकंच काम काढायचा. 2022 च्या अखेरीस ती योजना गुंडाळली. जी पोरं त्यात तीन-तीन वर्षं राबली, त्यांच्या हाती आज कोणतं कौशल्य आहे, हे कुणा पुढाऱ्यानं विचारलं? 1961 चा अ‍ॅप्रेंटिस कायदा आजही आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्यांना खरंच शिकवलं जातं का, हे तपासणारा माणूस हवा.

आता शाळेचं बघा. तळेगावला होऊ घातलेला वेदांता-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प 2022 मध्ये गुजरातला गेला तेव्हा पुढाऱ्यांनी गळा काढला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2023 मध्ये, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा 'समूह शाळे'त गुंडाळण्याची तयारी सरकारनं सुरू केली, तेव्हा यातले किती जण रस्त्यावर उतरले? वाडीवरची शाळा गेली की सगळ्यात आधी मुलीचं शिक्षण सुटतं. त्याच महिन्यात सरकारी पदांवर खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा आदेश निघाला. लोक खवळले आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. आपण बोललो की सरकार ऐकतं, याचा हा पुरावा आहे.

सरकारी शाळा सुधारतच नाहीत म्हणणाऱ्यांना चाकणपासून फार लांब जायला नको. याच खेड तालुक्यात कन्हेरसरजवळ जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा आहे. पट घसरून ती बंद पडायच्या बेतात होती. दत्तात्रय वारे गुरुजी तिथं आले, गाव पाठीशी उभं राहिलं, मुलंच 'विषयमित्र' होऊन एकमेकांना शिकवू लागली. 2025 मध्ये या शाळेनं जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवरचा पुरस्कार मिळवला. एका शिक्षकाच्या जिद्दीवर जे झालं ते सगळ्या तालुक्यात व्हायचं तर रिक्त पदं भरावी लागतील, गुरुजींना सर्वेक्षणांच्या आणि ॲपच्या कामातून सोडवावं लागेल, तिजोरी उघडावी लागेल. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा, असं कोठारी आयोगानं 1966 मध्ये सांगितलं. 2020 च्या धोरणात तोच आकडा पुन्हा छापला. दोन पिढ्या गेल्या, पैसा आला नाही. जोतिराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगाला बजावलं होतं की महसूल रयतेच्या घामातून येतो, तर आधी रयतेची मुलं शिकवा. आज या पट्ट्यातून सरकारला मिळणारा जीएसटी कुणाच्या घामाचा आहे?

म्हणून प्रचाराला जो येईल, कोणत्याही पक्षाचा असो, त्याला ओट्यावर बसवा आणि विचारा: आपल्या गावच्या शाळेत किती शिक्षक कमी आहेत आणि ते कधी भरणार? जवळच्या आयटीआयमध्ये चालू स्थितीतलं व्हीएमसी कधी येणार? अ‍ॅप्रेंटिसची तपासणी कोण करणार आणि अहवाल गावाला कुठे वाचायला मिळणार? 'बघू, करू' चालणार नाही. या पत्रकाची मागची बाजू आम्ही मुद्दाम कोरी ठेवली आहे. त्यावर त्याच्याकडून तारखेसह लिहून घ्या, खाली सही घ्या आणि तो कागद ग्रामपंचायतीच्या किंवा सोसायटीच्या फळ्यावर लावा. जो सही करायला कचरेल, त्याला मत देऊ नका.

आपले,
चाकण-भोसरी पट्ट्यातील काही पालक, शिक्षक आणि कामगार