विद्यार्थी अभ्यासमंडळांची मान्यता काढून घेण्याच्या पद्धतीबाबत निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष, आयआयटी परिषद,
शिक्षण मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : आयआयटींमधील विद्यार्थी मंडळांना मान्यता देण्याची व ती काढून घेण्याची कार्यपद्धती अध्यादेशाद्वारे निश्चित करण्याबाबत.

मद्रास आयआयटीतील ‘आंबेडकर पेरियार स्टडी सर्कल’ या विद्यार्थी मंडळाची मान्यता 2015 च्या मे महिन्यात काढून घेण्यात आली आणि देशभर निदर्शने झाल्यावर 7 जून 2015 रोजी ती परत देण्यात आली. एका मंडळापुरते प्रकरण तिथे मिटले. ज्या वाटेने ही कारवाई झाली ती वाट अडवणारे कलम मात्र 1961 च्या तंत्रज्ञान संस्था अधिनियमात तेव्हाही नव्हते. तशी तरतूद अध्यादेशात असावी, एवढ्यासाठी हे निवेदन आहे.

मंडळाची स्थापना 14 एप्रिल 2014 ची, म्हणजे आंबेडकर जयंतीची. व्याख्यान ठेवणे, त्यावर चर्चा घडवणे आणि पत्रक काढणे हे त्याचे काम. विषय अर्थातच बिनविरोधाचे नव्हते : जातिव्यवस्था, कामगार कायद्यांतील बदल, भूसंपादन, गोमांसबंदी, हिंदी-संस्कृतचा आग्रह. मंडळाच्या सांगण्यानुसार, अशा नावाने विद्यार्थ्यांत तट पडतील म्हणून ते बदलावे, असे पहिल्याच वर्षी सुचवण्यात आले होते. त्याच आवारात विवेकानंदांच्या नावाचे अभ्यासमंडळ चालत होते आणि त्या नावाबद्दल कोणाची हरकत नव्हती. ती नसावीच.

आंबेडकर आणि पेरियार ही जोडी विद्यार्थ्यांनी ओढूनताणून जमवलेली नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने 1936 साली डॉ. आंबेडकरांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले, भाषणातील काही भाग पचेना म्हणून बदल सुचवले आणि शेवटी परिषदच रद्द केली. डॉ. आंबेडकरांनी ते भाषण स्वखर्चाने छापले; पहिल्या आवृत्तीच्या प्रती 1500. त्याचा तमिळ अनुवाद छापला तो पेरियारांच्या ‘कुडी अरसु’ या नियतकालिकाने. यजमानाला न रुचलेले भाषण पुस्तिकेच्या रूपाने लोकांपर्यंत गेले, ही या दोन नावांमागची जुनी हकिगत आहे. जवळपास ऐंशी वर्षांनी वाद झाला तोही एका छापील पत्रकावरूनच.

ते पत्रक 2015 च्या एप्रिलमधील कार्यक्रमाच्या निमित्ताने निघाले होते. त्यात डॉ. आंबेडकरांच्या विचारांचा आजचा अर्थ लावताना केंद्र सरकारच्या धोरणांवर टीका होती. मंत्रालयाकडे एक निनावी तक्रार गेली. मंडळ पंतप्रधानांविषयी आणि हिंदूंविषयी द्वेष पसरवते, असा तिचा आशय होता. मंत्रालयाने ती संस्थेकडे पाठवून अभिप्राय मागवला. मंत्रालयाच्या पत्रात बंदीचा आदेश नव्हता, हे येथे नोंदवणे न्याय्य आहे. पण वरून आलेल्या पत्राचे वजन कार्यालयात काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते. नुसता अभिप्राय मागवला गेला, तरी खाली त्याचा इशारा होतो.

त्यानंतर मंडळाला विद्यार्थी अधिष्ठात्यांचा ई-मेल आला : दिलेल्या सवलतींचा गैरवापर झाल्यामुळे मान्यता काढून घेण्यात आली आहे. गैरवापर नेमका कोणता, हे ई-मेलमध्ये नव्हते. पूर्वपरवानगीशिवाय संस्थेचे नाव वापरून प्रसिद्धी केल्याने नियमभंग झाला, असा खुलासा संस्थेने नंतर केला. म्हणजे तक्रार होती मजकुराची आणि शिक्षा झाली नाव वापरल्याची. नावाचा नियम मोडला असेल तर मंडळाला समज देणे पुरेसे होते. मजकूर आक्षेपार्ह असेल तर कोणते वाक्य आणि का, हे सांगायला हवे होते. दोन्ही झाले नाही. निर्णयापूर्वी आपले म्हणणे ऐकून घेतले गेले नाही, ही मंडळाची मुख्य तक्रार होती. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने संस्थेला नोटीस बजावली, ती या घडामोडींनंतर.

मान्यता गेल्याने विद्यार्थ्याचे विचार थांबत नाहीत, असा युक्तिवाद केला जातो. पण मान्यतेचा आवारातील अर्थ अगदी व्यावहारिक असतो : सभागृहाची नोंदणी करता येते, सूचना फलकावर पत्रक लावता येते, बाहेरच्या वक्त्याला रीतसर बोलावता येते. ती गेली की तेच विद्यार्थी झाडाखाली बसून तेच बोलू शकतात, पण दुसऱ्या दिवशी त्यांना हटकणाऱ्या सुरक्षारक्षकाला दाखवायला त्यांच्याजवळ कागद नसतो.

कायद्याची बाजू दोन्हीकडून पाहिली पाहिजे. संघटना स्थापन करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 19(1)(ग) मध्ये आहे, आणि त्यावर निर्बंध घालायचा तर देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा नीतिमत्ता यांच्यासाठी, कायद्याने आणि वाजवी मर्यादेतच घालता येतो. सरकारी संस्थेची मान्यता मिळणे हा मात्र मूलभूत हक्क नव्हे. तसा दावा येथे केलेलाही नाही. परंतु एकदा दिलेली मान्यता शिक्षा म्हणून काढताना अनुच्छेद 14 आड येतो : मनमानी चालत नाही आणि दुसरी बाजू ऐकावी लागते. निनावी तक्रारींविषयी तर सरकारचे स्वतःचेच धोरण आहे. सरकारी नोकरांविरुद्धच्या अशा तक्रारींवर कारवाई करू नये, असे केंद्रीय दक्षता आयोगाने 1999 साली कळवले. नोकराला मिळणारे हे संरक्षण विद्यार्थ्याला नाकारण्याचे कारण दिसत नाही.

मद्रासच्या घटनेनंतर मुंबई आयआयटीच्या पवई आवारात ‘आंबेडकर पेरियार फुले स्टडी सर्कल’ उभे राहिले. महाराष्ट्राला विद्यार्थी मंडळांची परंपरा नवी नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी 1848 साली सभा काढली, निबंध वाचले आणि पुढच्या वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या. त्या काळी यापेक्षा वादग्रस्त काम क्वचितच असेल.

1961 च्या अधिनियमानुसार विद्यार्थ्यांच्या शिस्तीविषयीचे अध्यादेश अधिसभा करते आणि सर्व आयआयटींच्या कामात समन्वय राखणे हे परिषदेचे कर्तव्य आहे. म्हणून मागणी अशी की, मान्यता देण्या-काढण्याची कार्यपद्धती प्रत्येक संस्थेच्या अधिसभेने अध्यादेशात घालावी आणि परिषदेने तसे सर्व आयआयटींना कळवावे. एका अधिकाऱ्याच्या मार्गदर्शक सूचनांवर ती सोडू नये. निनावी तक्रारीवरून मान्यता जाऊ नये. मंत्रालयाकडे आलेली तक्रार संस्थेकडे पाठवायची झाल्यास तिची प्रत मंडळालाही द्यावी. कारवाईपूर्वी लेखी नोटीस, उत्तरासाठी किमान 15 दिवस आणि कारणांसह आदेश मिळावा. आदेशात मोडलेला नियम आणि आक्षेपार्ह कृती दोन्ही नमूद असावीत. अपील ऐकणाऱ्या समितीत निवडून आलेला विद्यार्थी प्रतिनिधी असावा, आणि मूळ निर्णय देणारा अधिकारी तीत नसावा. सरकारच्या धोरणावरील टीका हे मान्यता काढण्याचे कारण ठरणार नाही, असे अध्यादेशात स्पष्ट लिहावे. चौकशी चालू असेपर्यंत मंडळाने आधी केलेली सभागृहाची नोंदणी कायम राहावी आणि फलकावर लावलेले पत्रक उतरवले जाऊ नये.

निवेदनकर्ते : आयआयटींचे आजी-माजी विद्यार्थी