आवाज थांबले, ओढ परतली नाही

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात लॉरेन आणि जीन चॅपमन या मानसशास्त्रज्ञ दाम्पत्याने 1970च्या दशकात सहकाऱ्यांसह एक प्रश्नावली तयार केली. मित्रमंडळींत मन रमतं का, जवळचं कुणी भेटलं की बरं वाटतं का, अशा धर्तीची साधी विधानं आणि उत्तर फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’. माणसांच्या सहवासात फारसा आनंद न मिळणारे विद्यार्थी त्यातून वेगळे निघाले. अशा काहींची दहा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. थॉमस क्वापिल यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, त्यांच्यातल्या 24 टक्के जणांना स्किझोफ्रेनिया किंवा त्याच्या जातकुळीतला विकार झालेला होता. तुलनेसाठी घेतलेल्या गटात हे प्रमाण 1 टक्का होतं.

हे वाचून घरातल्या अबोल मुलाकडे संशयाने पाहण्याचं कारण नाही. तो गट जेमतेम 34 जणांचा होता आणि त्यातल्या तीन चतुर्थांश लोकांना असा कोणताही विकार झाला नाही. शिवाय लाजाळू माणसाला सोबत हवी असते, पण धीर होत नाही. अंतर्मुख माणूस दोनच मित्रांत खूश असतो. इथे प्रश्न वेगळा आहे. इथे माणसांची ओढच क्षीण असते.

ही ओढ जाते कुठे?

स्किझोफ्रेनिया म्हटलं की कानात येणारे आवाज आणि संशय एवढंच बहुतेकांना आठवतं. या लक्षणांशी मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाच्या अतिरेकाचा संबंध आहे. 1952 मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमझीन या औषधाचा वापर सुरू झाला. तेव्हापासूनची बहुतेक औषधं डोपामाइनची क्रिया रोखतात आणि आवाज, भ्रम बऱ्याच अंशी आटोक्यात आणतात. पण एकलकोंडेपणा, निरुत्साह, कशातच रस न वाटणं यांवर त्यांचा प्रभाव फार कमी पडतो.

डोपामाइनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणण्याची पद्धत पडली आहे, ती फसवी आहे. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी दाखवून दिलं, की डोपामाइन जवळपास संपवलेल्या उंदरांनाही जिभेवर ठेवलेली साखर आवडते. ती मिळवण्यासाठी ते धडपडत मात्र नाहीत. आवडणं एक, हवंसं वाटणं दुसरं. डोपामाइनचं काम मुख्यतः दुसऱ्याशी निगडित आहे.

माणसांच्या बाबतीतही याच्याशी जुळणारं चित्र दिसतं. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅन क्रिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना त्यांच्या रोजच्या जगण्यात, दिवसातून अनेकदा, काय वाटतंय ते विचारलं. एखादी गोष्ट करताना मिळणारा आनंद इतरांइतकाच होता. पुढे काहीतरी छान होणार आहे, ही चाहूल मात्र त्यांना कमी लागत होती. बर्लिनच्या संशोधकांनी 2006 मध्ये औषधं सुरू नसलेल्या रुग्णांच्या मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा बक्षिसाची वाट पाहताना उजळणारा भाग त्यांच्यात मंद दिसला होता. म्हणजे सगळं खापर औषधांवरही फोडता येत नाही.

डोपामाइन हे एकच पात्र नाही, हेही खरं. 2013 मध्ये स्टॅनफर्डमधल्या प्रयोगांनी दाखवलं, की उंदरांना सोबतीचा आनंद मिळण्यासाठी ऑक्सिटोसिन आणि सेरोटोनिन या रसायनांची सांगड लागते. पण रुग्णांना नाकावाटे ऑक्सिटोसिन देऊन पाहिलं, तेव्हा निष्कर्ष कधी इकडे, कधी तिकडे गेले. मैत्रीची गोळी अजून कुणाच्या हाती लागलेली नाही.

आता हे सगळं आपल्या घरात आणून पाहा. आवाज थांबले, झोप लागते, मारहाण नाही. डॉक्टर म्हणतात, सुधारणा आहे. पण मुलगा लग्नाकार्याला येत नाही, पाहुणे आले की आतल्या खोलीत जातो. मग ‘आळशी’, ‘माणूसघाणा’, ‘नुसतं बसून खातो’ सुरू होतं. जॉर्ज ब्राउन यांच्या ब्रिटनमधल्या अभ्यासापासून एक गोष्ट वारंवार दिसली आहे: घरात टोचून बोलणं जास्त असेल, तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. लक्षणालाच दोष म्हटल्याची किंमत अशी मोजावी लागते.

क्रिंग यांच्या निरीक्षणातून व्यवहाराचा एक धडा मिळतो. ‘मनात आलं की जाईल’ म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण अडचण नेमकी मनात येण्याचीच आहे. सोबत चालत कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत नेलं, तर चहा गोड लागू शकतो. आरन बेक आणि पॉल ग्रँट यांनी 2012 मध्ये नेमक्या अशा मागे पडलेल्या 60 रुग्णांच्या दीड वर्षाच्या अभ्यासाचा निष्कर्ष मांडला. ‘मला जमणारच नाही’ या समजुतीवर काम झालेल्या रुग्णांचं रोजचं जगणं सुधारलं, निरुत्साह घटला.

हे आपल्याकडे जमेल का, याचंही उत्तर आहे. सातारा, गोवा आणि तमिळनाडूतलं कांचीपुरम इथे 282 रुग्णांवर झालेला अभ्यास 2014 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरी जात, कुटुंबाशी बोलत, रुग्णाला बाहेर काढत. केवळ दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा या घरभेटींची जोड दिलेले उपचार काहीसे सरस ठरले. फरक प्रचंड नव्हता, पण कार्यकर्ते डॉक्टरही नव्हते. 2004 च्या ‘देवराई’ या चित्रपटाने हा आजार मराठी घरांत बोलण्याचा विषय केला. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्वमदत गट चालवते. पण एका शहरातल्या संस्थेवर जिल्ह्याजिल्ह्यातली कुटुंबं किती काळ विसंबणार?

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या चमूत मानसोपचार सामाजिक कार्यकर्त्याचं पद आहे. ते भरलेलं असावं, आणि त्या माणसाचा वेळ नोंदवह्या भरण्यापेक्षा घरभेटींत जावा. ओपीडीच्या कागदावर ‘आवाज येतात का’ या प्रश्नाखाली आणखी एक प्रश्न छापावा: गेल्या आठवड्यात घराबाहेर कुणाला भेटलात? तीन महिने उत्तर ‘कुणालाच नाही’ असं येत असेल, तर गोळ्या नियमित सुरू आहेत एवढ्यावरून त्या रुग्णाची नोंद ‘स्थिर’ म्हणून करू नये.